परक्या मातीतली अळंबी

ऑगस्ट २०२१. काबूल तालिबानच्या हाती पडलं आणि उडू पाहणाऱ्या विमानाबरोबर धावपट्टीवर धावणारी माणसं साऱ्या जगानं पाहिली. त्या दिवसांत सुटका झालेलं एक अफगाण कुटुंब पोलंडला पोचलं. घरातल्या कर्त्या माणसानं ब्रिटिशांसाठी काम केलेलं होतं, म्हणून ब्रिटनच्या विनंतीवरून पोलंडनं त्यांना बाहेर काढलं. वॉर्साजवळच्या पोडकोवा लेस्ना या गावाबाहेर, डेंबाकच्या निर्वासित केंद्रात त्यांची सोय झाली. केंद्राच्या भोवती जंगल आहे आणि ऑगस्टच्या अखेरीस त्या जंगलात भूछत्रं उगवतात. कुटुंबानं ती गोळा केली, सूप केलं, सगळे जेवले.

त्या सुपानं घरातली मुलं रुग्णालयात गेली. सतरा वर्षांची मुलगी बरी झाली. पाच आणि सहा वर्षांचे दोघे भाऊ वाचले नाहीत. सहा वर्षांच्या मुलावर डॉक्टरांनी यकृताचं प्रत्यारोपणही केलं, पण तोवर मेंदूला इजा झालेली होती. सप्टेंबरच्या सुरुवातीला, एका दिवसाच्या अंतरानं, दोघेही गेले. केंद्रात पुरेसं जेवण मिळत नव्हतं का, यावर तिथे वाद झाला. तीन वेळचं जेवण देत होतो, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. बंदुकांमधून सहीसलामत बाहेर आलेली दोन मुलं एका ताटलीतल्या सुपानं गेली, याचं उत्तर मात्र त्या वादात नव्हतं.

अशी बातमी वाचली की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो म्हणजे, माहीत नसलेली वस्तू खायचीच कशाला? भूछत्रांच्या विषबाधेबद्दल जितकं वाचत गेलो, तितका हा प्रश्न चुकीचा वाटत गेला. माणूस अनोळखी वस्तू सहसा तोंडात घालत नाही. बऱ्याच विषबाधांमध्ये खाणाऱ्याला ते भूछत्र ओळखीचं वाटलेलं असतं. लहानपणी आईबरोबर, आजीबरोबर टोपलीभर वेचलेलं, कित्येकदा खाल्लेलं. चूक होते ती मातीत. ज्या मातीत ती ओळख तयार झाली, ती माती मागे राहिलेली असते.

जगभरात भूछत्रं खाऊन होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतेकांना जबाबदार धरली जाते ती एक जात, अॅमानिटा फॅलॉइडिस. इंग्रजीतलं तिचं नाव डेथ कॅप. फिकट हिरवट-पिवळी, कधी जवळपास पांढरी टोपी, खाली पांढरे पडदे, दांड्यावर झालर आणि बुडाशी मातीत लपलेली पिशवी. दिसायला देखणी. वाचलेल्या अनेकांनी सांगून ठेवलंय की चवीलाही ती उत्तम होती. शिजवून तिचं विष जात नाही, वाळवून जात नाही, फ्रीजरमध्ये ठेवूनही जात नाही. माणसाच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.१ मिलिग्रॅम विष मारक ठरू शकतं, आणि मध्यम आकाराच्या एकाच छत्रीत मोठ्या माणसाला पुरेल इतकं ते असू शकतं. लहान मुलाला तर तिचा एखादा तुकडाही भारी पडतो.

हे विष काय करतं, ते सावकाश समजून घ्यायला हवं. मरणाऱ्या माणसाची आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरची फसगत तिथेच होते.

म्युनिकमध्ये हाइनरिश वीलांड या नोबेल विजेत्या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत १९३७ साली या भूछत्रातून फॅलॉइडिन वेगळं काढलं गेलं आणि १९४१ साली अॅमानिटिन. खरा मारेकरी हा दुसरा. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएवरचा मजकूर उतरवून घेणारं एक विकर असतं, आरएनए पॉलिमरेज-२. त्यानं उतरवलेल्या मजकुरावरून पेशी प्रथिनं तयार करते. अल्फा-अॅमानिटिन या विकराला जाऊन चिकटतं आणि त्याचं काम जवळपास थांबवतं. रॉजर कॉर्नबर्ग यांच्या गटानं २००२ साली या दोघांची जोडलेली रचनाच स्फटिकरूपात दाखवली. पुढे २००६ साली मजकूर उतरवण्याच्या या यंत्रणेवरच्या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं.

विकर थांबलं म्हणून पेशी त्या क्षणी मरत नाही. आधी बनवून ठेवलेल्या प्रथिनांवर ती काही काळ चालते. अंगणातली विहीर आटली तरी हंड्यांत भरून ठेवलेल्या पाण्यावर घर एक-दोन दिवस निभावतं, तसं. त्या दिवसांत घरात शिरणाऱ्याला काही बिघडलंय असं वाटणारही नाही.

आता जेवणाच्या रात्रीपासून बघू. नऊला जेवण झालं. रात्र शांत गेली. सहा ते बारा तासांनी, कधी चोवीस तासांनीही, पोटात कळा सुरू होतात. उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब, पटकीत होतात तसे. शरीरातलं पाणी झपाट्यानं कमी होतं. मधे इतका वेळ गेलेला असतो की संशय भूछत्रावर जातच नाही. सकाळच्या चहावर, बाहेरच्या वड्यावर, शिळ्या भातावर जातो. माणूस दवाखान्यात जातो, सलाइन लागतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला खरोखर बरं वाटू लागतं. उलट्या थांबतात, भूक लागते, घरचे सुस्कारा सोडतात आणि रुग्ण घरी येतो. याच काळात यकृताच्या पेशी एकामागून एक मरत असतात. रक्त तपासलं तर यकृताची विकरं चढताना दिसतात, पण बरं वाटणाऱ्याचं रक्त कोण तपासणार? तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे होतात, हिरड्यांतून रक्त येतं, बोलणं असंबद्ध होतं, मूत्रपिंडं साथ सोडतात.

या मधल्या दिवसाबद्दल मला फार बोलावंसं वाटतं. कॉलऱ्यात, उष्माघातात, सर्पदंशात ज्याला बरं वाटू लागलं तो सुटला, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या धरून चालत आलो आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरलं. इथे तो अनुभव उलटा पडतो. उतार पडला म्हणून घरी पाठवलेला रुग्ण पुन्हा येतो, तेव्हा करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं.

विष यकृतालाच का धरतं, यालाही कारण आहे. आतड्यानं शोषलेलं सारं रक्तावाटे आधी यकृताकडे जातं. यकृताच्या पेशींच्या पडद्यावर पित्तातली द्रव्यं आत घेणारी दारं असतात आणि अॅमानिटिन त्याच दारांतून आत शिरतं. यकृत त्यातलं काही पित्तावाटे आतड्यात टाकतं, आतडं ते पुन्हा शोषतं आणि पुन्हा यकृताकडे धाडतं. एका जेवणातलं विष असं पुन्हा पुन्हा फिरत राहतं.

या भूछत्राचा स्वतःचा इतिहास स्थलांतराचा आहे. डेथ कॅप मूळची युरोपची. ती ओक, हेझल, चेस्टनट अशा झाडांच्या मुळांशी घट्ट नातं जोडून जगते. मुळांभोवती तिचे तंतू गुंडाळलेले असतात, ती झाडाला क्षार आणून देते आणि झाड तिला साखर देतं. युरोपातून वसाहतींत गेलेल्या लोकांनी आपली आवडती झाडं मुळं आणि मातीसकट बरोबर नेली. झाडाच्या मुळाशी हीसुद्धा गेली. कॅलिफोर्नियात तिचा खात्रीचा जुना नमुना १९३८ सालचा आहे, मॉन्टेरे इथल्या हॉटेल देल मॉन्टेच्या आवारातला. १९४५ साली ती बर्कलीच्या विद्यापीठाच्या आवारात सापडली. ती तिथली मूळची की बाहेरून आलेली, हा वाद बरीच वर्षं चालला. अॅन प्रिंगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने नमुने आणि जनुकं तपासून ती बाहेरून आल्याचं दाखवलं. आज ती तिथल्या मूळच्या कोस्ट लाइव्ह ओकखाली, माणसानं काही न लावलेल्या रानातही पसरली आहे.

कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ती पहिल्यांदा आढळली १९९७ साली, एका चेस्टनटखाली. त्यानंतर व्हँकुव्हरच्या रस्त्यांवर दुतर्फा लावलेल्या हॉर्नबीमच्या झाडांखाली ती येऊ लागली. २०१६ साली व्हिक्टोरिया शहरात ती खाऊन तीन वर्षांचा मुलगा दगावला. त्यानं खाल्लेल्या छत्राचा घनदाट जंगलाशी काही संबंध नव्हता. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा आणि मेलबर्नच्या उद्यानांत, जुन्या ओकच्या सावलीत ती दर शरदात डोकं वर काढते.

म्हणजे भूछत्र एका खंडातून दुसऱ्या खंडात गेलं आणि माणसं तिसऱ्याच खंडातून तिथे आली. दोघांची गाठ पडली ती उद्यानातल्या एखाद्या ओकखाली.

कॅनबेरात २०११ च्या वर्षअखेरीच्या रात्री एका रेस्टॉरंटच्या चिनी आचाऱ्यानं आपल्या सहकाऱ्यांसाठी जेवण केलं. त्यात त्यानं परिसरात वेचलेली भूछत्रं घातली. आचारी आणि एक सहकारी जानेवारीत मरण पावले. अन्नावर पोट असलेला, रोज भाज्या हाताळणारा हा माणूस होता. त्याच्या मायदेशातलं, दक्षिण चीनपासून व्हिएतनाम-लाओसपर्यंत घराघरात खाल्लं जाणारं भाताच्या पेंढ्यावरचं मशरूम आणि कोवळी डेथ कॅप एकमेकांसारखी दिसतात. दोन्ही लहानपणी पांढऱ्या अंड्यासारख्या कवचात असतात, दोन्हींच्या बुडाशी पिशवी असते. कॅलिफोर्नियात लाओस आणि व्हिएतनामकडून आलेल्या लोकांचीही अशीच फसगत झाली आहे.

जर्मनीत २०१५ च्या शरदात, सीरियातून लाखो माणसं आली त्या वर्षी, हॅनोव्हरच्या वैद्यकीय विद्यापीठाच्या रुग्णालयात डेथ कॅप खाल्लेले निर्वासित येऊ लागले. म्युन्स्टरमध्ये सोळा वर्षांचा एक सीरियन मुलगा गेला. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडे अॅमानिटाचीच एक मोठी पांढरी जात लोक खातात. नात्यानं ती डेथ कॅपची बहीण. हॅनोव्हरच्या डॉक्टरांनी तेव्हा एक साधं आणि योग्य काम केलं. अरबी, कुर्दी आणि इतर भाषांत चित्रांसह पत्रकं छापून निर्वासितांच्या वस्त्यांत लावली. जर्मन भाषेत इशारे तर आधीपासून होतेच, पण ज्याचा जीव जाणार त्याला ती वाचता येत नव्हती.

कॅलिफोर्नियात डिसेंबर २०१६ मध्ये चौदा जणांना डेथ कॅपची बाधा झाली. तिघांची यकृतं बदलावी लागली. सगळे वाचले, पण अठरा महिन्यांच्या एका मुलीच्या मेंदूला कायमची इजा झाली. त्या घराला ती भूछत्रं एका अनोळखी माणसानं दिली होती, डोंगरात आजच वेचली आहेत म्हणून. रानातून मिळालेली वस्तू वाटून खायची ही रीत आपल्याकडेही आहे, आणि चांगली आहे. म्हणूनच ती भेट नाकारायला जड जातं.

ऑस्ट्रेलियातल्या लिऑनगाथाचं जेवण मराठी वाचकांना वर्तमानपत्रांतून माहीत आहे. जुलै २०२३ मध्ये सुनेनं डेथ कॅप घालून सासरच्या माणसांना वाढलेलं बीफ वेलिंग्टन, तीन मृत्यू, २०२५ साली जन्मठेप. तो खून होता. त्याची चर्चा वर्षानुवर्षं होत राहील. परक्या देशात न कळून मेलेल्यांची बातमी दोन दिवसांत विरते, आणि मला त्यांच्याबद्दल जास्त बोलायचं आहे.

आपल्याकडची ओळख कशी घडते, ते पाहू. गोव्यात आणि तळकोकणात आषाढ-श्रावणात रस्त्याच्या कडेला बायका पानांत बांधलेल्या अळमीच्या पुड्या घेऊन बसतात. शेकड्याच्या हिशेबानं भाव होतो आणि मटणालाही मागे टाकतो. विदर्भात गोंदिया-भंडारा-गडचिरोलीकडे सात्या येतात, चंद्रपूर-यवतमाळकडे टेकोडे येतात. बाजारात आल्या आल्या संपतात. यांतली मानाची सारी वारुळाशी जोडलेली, टर्मिटोमायसिस या वंशातली आहेत. वाळव्या जमिनीखाली चघळलेल्या पाचोळ्याचे पोळ्यासारखे थर रचतात, त्यावर ही बुरशी वाढवतात आणि तिच्यावर जगतात. पाऊस मुरला की ती बुरशी लांबलचक मुळासारखा दांडा जमिनीतून वर ढकलते आणि छत्री उघडते. हे नातं इतकं नाजूक आहे की शेतात किंवा शेडमध्ये ही अळंबी पिकवणं कुणाला साधलेलं नाही. गोव्यात प्राध्यापक नंदकुमार कामत यांनी या वंशाचा अभ्यास केला आणि बेसुमार तोडणीविरुद्ध वर्षानुवर्षं लिहिलं. ज्या वारुळात सातेरी देवी पुजली जाते, त्या वारुळांच्या मातीशी गोव्याचं असं जेवणाचंही नातं आहे.

अळमी काढणारी बाई काय बघते, ते नीट विचारून पाहावं. ती टोपीचा रंग नंतर सांगते. आधी सांगते ती जागा. अमक्या वारुळाच्या दक्षिणेला, तमक्या काजूच्या बुंध्यापाशी, पहिला जोराचा पाऊस होऊन मधे ऊन पडलं आणि ढग गडगडले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी. ती जागा सासूनं दाखवलेली असते आणि शेजारणीलाही ती सांगितली जात नाही. त्याच वारुळावर दर वर्षी तीच अळंबी येते, म्हणून ही ओळख पिढ्यान्‌पिढ्या खरी ठरते. तिच्या ज्ञानात छत्रीइतकंच वारूळ आहे, पाऊस आहे, नक्षत्र आहे. या बाईला उचलून सॅन फ्रान्सिस्कोच्या टेकडीवर नेलं, तर तिच्याकडे उरतं ते फक्त पांढऱ्या छत्रीचं चित्र. आणि चित्र फसवतं.

मी हे जुन्या माणसांच्या ज्ञानाला कमी लेखायला सांगत नाही. ते ज्ञान जिथे घडलं तिथे ते कुठल्याही पुस्तकापेक्षा भरवशाचं आहे. पण ते गावाबाहेर पडलं की त्याचे फक्त तुकडे प्रवास करतात, आणि ते तुकडे कसोट्यांच्या रूपात फिरतात. चांदीचं नाणं टाकून शिजवा, काळं पडलं तर विषारी. लसूण टाका. किड्यांनी, गोगलगायींनी कुरतडलेलं असेल तर निर्धास्त खा. टोपीची साल निघाली तर चांगलं. यातली एकही कसोटी डेथ कॅपला पकडत नाही. अॅमानिटिन चांदी काळी करत नाही आणि गोगलगायी डेथ कॅप खुशाल खातात.

नव्या कसोट्यांचं तरी काय? ऑस्ट्रेलियात संशोधकांनी भूछत्रं ओळखणारी तीन मोबाइल अॅप ७८ नमुन्यांवर तपासली. त्यांतलं सगळ्यांत चांगलं अॅपसुद्धा निम्म्या वेळाच बरोबर निघालं. २०२३ साली न्यूयॉर्कच्या भूछत्र-अभ्यासकांच्या संस्थेला जाहीर सांगावं लागलं की ऑनलाइन विकली जाणारी, यंत्राकडून लिहून घेतलेली ओळख-पुस्तकं वापरू नका. आजीच्या तोंडी तरी चूक झाली तर ती सांगायला आजी समोर असते.

महाराष्ट्रातल्या पावसाळ्यात गावठाणात, सोसायटीच्या हिरवळीवर जी मोठी पांढरी, तपकिरी खवल्यांची छत्री उगवते, तिच्यामुळेही माणसं रुग्णालयात जातात. क्लोरोफायलम मोलिब्डाइट्स हे तिचं नाव. तिचा त्रास एक ते तीन तासांत सुरू होतो, उलट्या-जुलाबांनी माणूस गळून जातो, पण नीट उपचार मिळाले तर सहसा जीव जात नाही. लवकर सुरू झालेला त्रास बहुधा कमी घातक आणि सहा तासांनंतर सुरू झालेला जास्त घातक, हे डॉक्टरांच्या कामाचं सूत्र आहे. त्यालाही एक पळवाट आहे. एकाच भाजीत दोन-तीन जातींची छत्रं असतील, तर लवकरचा त्रास एका जातीचा असतो आणि उशिराचं मरण दुसरीचं.

परकी माती हे कारण सगळीकडे लागू पडत नाही, हेही मान्य केलं पाहिजे. चीनच्या युन्नान प्रांतातल्या डोंगरी गावांमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून दर पावसाळ्यात धडधाकट माणसं अचानक मरत. हृदय बंद पडायचं. तीसेक वर्षांत चारशेच्या आसपास माणसं गेली. चीनच्या रोगनियंत्रण केंद्राच्या पथकांनी उंची, महिने, घरं, जेवण यांचा पाठपुरावा केला आणि शेवटी बोट ठेवलं एका लहानशा पांढऱ्या भूछत्रावर, ट्रोगिया वेनेनाटावर. युन्नान भूछत्रांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या गरीब घरांनी रानातली भारी भूछत्रं व्यापाऱ्याला विकली आणि ज्याला बाजारात भाव नव्हता ते घरच्या चुलीवर चढवलं. मरण आलं ते त्या उरलेल्यातून.

आसाममध्ये एप्रिल २०२२ मध्ये दिब्रुगडच्या आसाम मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात काही दिवसांत पस्तीस जण दाखल झाले आणि तेरा मरण पावले. चराईदेव, दिब्रुगड, शिवसागर, तिनसुकिया या जिल्ह्यांतली ही माणसं, बहुतेक चहामळ्यांच्या भागातली. मेलेल्यांत लहान मूलही होतं. ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात छोटा नागपूर, ओडिशा, छत्तीसगडच्या रानांतून मळ्यांवर आणलेल्या आदिवासींचे वंशज या मळ्यांत राबतात. सालवृक्षाखालची पुटू आणि रुगडा ही अळंबी वेचणारे हे लोक. आपला सिद्धान्त इथे चपखल बसतो असं मला आधी वाटलं. पण त्यांच्या चार-पाच पिढ्या आसामात गेल्या आहेत, त्या मातीला ते परके नाहीत. तिथलं कारण युन्नानच्या जवळचं आहे. मळ्याच्या मजुरीत भाजी विकत घेणं परवडत नाही, मळ्याच्या कडेला पांढरी छत्रं फुकट मिळतात, आणि खाण्याची व मारणारी शेजारी शेजारी उगवतात. अशा घराला भूछत्र खाऊ नका असा नुसता फलक दाखवून काय होणार?

उपचार आहेत, पण वेळेशी बांधलेले. भरपूर सलाइन देऊन मूत्रपिंडं चालू ठेवायची, म्हणजे विष लघवीवाटे जातं. वारंवार औषधी कोळशाची मात्रा देऊन, काही ठिकाणी पित्त नळीनं बाहेर काढून त्या विषाचं फिरणं तोडायचं. युरोपात काटेरी मिल्क थिसल या वनस्पतीपासून काढलेलं सिलिबिनिन शिरेतून देतात. यकृताच्या पेशींची दारं ते अडवतं, असं मानलं जातं. जानेवारी २००७ मध्ये कॅलिफोर्नियात सँटा क्रूझला एका कुटुंबातल्या सहा जणांनी नववर्षाच्या दिवशी वेचलेली भूछत्रं घालून टाको खाल्ले. डॉ. टॉड मिचेल यांनी तेव्हा हे औषध अमेरिकेत मंजूर नसताना खास परवानगी काढून युरोपातून विमानानं मागवलं. घरातली ८३ वर्षांची आजी गेली, बाकीचे पाच वाचले. ग्वांगझोच्या सुन यत-सेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली दाखवलं की डोळ्यांच्या आणि यकृताच्या तपासण्यांत वर्षानुवर्षं वापरात असलेला इंडोसायनिन ग्रीन हा रंग अॅमानिटिनचा परिणाम रोखतो. विष दिलेल्या उंदरांपैकी निम्मे त्यानं वाचले. रंग न मिळालेल्यांत वाचणारे फार थोडे होते. माणसांसाठी ते अजून औषध झालेलं नाही. यातलं काहीच नाही चाललं तर उरतं प्रत्यारोपण. चहामळ्यातल्या मजुराला तो उपाय सांगणं म्हणजे त्याला काहीच न सांगणं.

पोलंडमध्ये सरकारी आरोग्य केंद्रात भूछत्रांचा जाणकार बसतो. लोक टोपली घेऊन जातात, तो एकेक छत्र हातात घेऊन फुकट निवडून देतो. इटली आणि स्वित्झर्लंडमध्येही अशी तपासणी केंद्रं आहेत. जिथे लोक रानातलं खाणारच, तिथे न खाण्याचा उपदेश करण्यापेक्षा निवडून देणारा माणूस बसवावा, हे शहाणपण त्या देशांना बऱ्याच मृत्यूंनंतर आलं. आपल्या जिल्हा रुग्णालयात किंवा कृषी विद्यापीठात पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी असं एक टेबल सुरू करायला फार पैसा लागणार नाही. गडचिरोलीत आणि सावंतवाडीत ते सर्वांत आधी हवं, आणि त्या टेबलामागे गावातल्या अळंबी काढणाऱ्या बायकांनाही खुर्ची हवी.

परदेशातल्या मराठी मंडळांना माझी एक विनंती आहे. मेलबर्न, कॅनबेरा, सिडनी, बे एरिया, व्हँकुव्हर, जर्मनीतली शहरं, या सगळ्या ठिकाणी आता मराठी घरं आहेत आणि त्यांतल्या अनेकांच्या जिभेवर अळमीची चव आहे. तिथला पाऊस आपल्या श्रावणात येत नाही. कॅलिफोर्नियात तो नोव्हेंबरनंतर येतो, मेलबर्नची छत्रं एप्रिल-मेमध्ये येतात. भारतातून आलेले आई-वडील त्याच महिन्यांत नातवंडांना घेऊन बागेत फिरायला जातात, झाडाखाली पांढरी छत्रं बघतात आणि त्यांना गाव आठवतं. त्यांच्यासाठी मराठीत, चित्रासह, एक पान छापा. मंडळाच्या नव्या सभासदाला गणपतीच्या पत्रिकेबरोबर ते द्या. मंडळाच्या सहलीत ते वाचून दाखवा. इथे वेचलेलं एकही रानभूछत्र खायचं नाही, इतकं एक वाक्य ठळक असलं तरी पुरे. हॅनोव्हरनं अरबीत जे केलं, ते मराठीत करायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि खाऊन झालंच असेल तर, भारतात असा की बाहेर, रुग्णालयात जाताना उरलेली भाजी, कच्चे तुकडे, बुडाची माती लागलेलं छत्र, कचऱ्यात टाकलेली देठंसुद्धा कागदी पिशवीत घालून बरोबर न्यायची. प्लास्टिकमध्ये ती सडतात. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारं राष्ट्रीय केंद्र चोवीस तास चालतं, तिथे विचारायला डॉक्टरांना सांगायचं. उलटी कधी झाली हे डॉक्टर विचारतीलच. जेवण किती वाजता झालं ते आपणहून सांगायचं. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी घरी न्यायचा हट्ट धरायचा नाही, यकृताची तपासणी रोज करून घ्यायची. त्या पातेल्यातलं ज्यांनी ज्यांनी खाल्लं त्या सगळ्यांना बरोबर न्यायचं, ज्याला काहीच होत नाही त्यालाही, आणि मुलांना सर्वांत आधी.